नेटच्या तारेवर आईचा टीव्ही

आमच्या घरी दिवाळीपासून केबलवाल्याचं फायबर आहे, पण फक्त नेटचं. पोराच्या अभ्यासासाठी घेतलं. टीव्हीचा पॅक मुद्दामच घेतला नाही, कारण घरात टीव्ही बघणारं माणूस एकच, ते म्हणजे आई. पंधरा दिवस ती गप्प राहिली. मग म्हणाली, "काहून रे, तार तं घरात येऊन राहिली, मंग टीव्ही काहून लागत नाही?" दारव्हा तालुक्यातल्या गावात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. तारेबद्दल विचारलं आणि उत्तर आलं नाही, हे आपल्याला चालत नाही.

तुमच्याकडेही असंच असेल तर आधी भिंतीवरच्या नेटच्या डब्बीची मागची बाजू बघा. लॅनच्या चौकोनी भोकांशेजारी आटे असलेलं गोल पितळी तोंड दिसलं, वर 'सीएटीव्ही' किंवा 'आरएफ' लिहिलेलं असलं, तर त्या डब्बीत टीव्ही बाहेर काढायची सोय आहे. तोंडच नसेल तर डब्बी बदलावी लागेल, आणि ती केबलवालाच बदलेल. बाजारातून आणलेली डब्बी त्याच्या मशीनवर नोंदवल्याशिवाय चालत नाही.

एका धाग्यातून दोन्ही कसं येतं, हे मलाही आधी पटलं नव्हतं. केसाएवढ्या काचेतून वेगवेगळ्या लांबीच्या उजेडाच्या लहरी जातात. नेट घरात येतं १४९० नॅनोमीटरवर, घरातून परत जातं १३१० वर आणि टीव्ही येतो १५५० वर. एकाचा दुसऱ्याला धक्का लागत नाही. यातला कुठलाच उजेड डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. म्हणून उघड्या फायबरच्या टोकात डोकावून 'चालू आहे का' बघायचं नाही.

आमच्या डब्बीला तोंड होतं. मी हुशारी केली. तिथून थेट टीव्हीत वायर घातली आणि ऑटो सर्च लावला. चॅनेलची नावं भराभर आली, पडदा मात्र काळाच. कारण सरळ आहे. पूर्वी वायर खोचली की टीव्ही दिसायचा, ते ॲनालॉग होतं. खेड्यापाड्यांत ते बंद करायची मुदत मार्च २०१७ ची होती. आता कायद्यानं प्रत्येक चॅनेल कुलूपबंद पाठवावं लागतं, फुकटचंसुद्धा. किल्ली असते सेटअप बॉक्समध्ये. (बरोबर शब्द सेट टॉप बॉक्स, पण आमच्या अख्ख्या तालुक्यात कोणी तसं म्हणत नाही.) म्हणजे नेटच्या पैशात टीव्ही निघत नाही, पण दुसरी तार ओढावी लागत नाही.

केबलवाल्याकडे गेलात की 'टीव्ही चालू करून दे' एवढंच म्हणू नका, तो सगळ्यात मोठा पॅक गळ्यात मारतो. 'फक्त फुकट चॅनेलचा पॅक दे' म्हणा. ट्रायनं, म्हणजे टीव्ही-फोनचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नेटवर्क भाडं २०० चॅनेलपर्यंत १३० रुपये ठरवलं होतं, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२४ मध्ये ती मर्यादा उठली. त्यामुळे आता आपल्या केबलवाल्याचा दर आधी विचारून घ्या. बॉक्सचे पैसे एकदाच द्यायचे की भाड्यानं, हेही तेव्हाच बोलून घ्या आणि पावती घ्या.

आता वायर. बहुतेक घरांत टीव्ही इथंच बिघडतो. डब्बीपासून बॉक्सपर्यंत आरजी-६ ची जाड वायर वापरा, जुनी पिवळी पडलेली नको. वरचं काळं कव्हर बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा थोडं जास्त सोला. आतली जाळी मागे दुमडा. मग पांढरं प्लॅस्टिक कापून मधली तांब्याची तार मोकळी करा. कनेक्टर बसवल्यावर ही तार त्याच्या काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसली पाहिजे. कमी राहिली तर आत टेकत नाही. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी सिग्नल शॉर्ट. वाइंडिंगमध्ये एक वेढा उघडा राहिला की मोटर जळते. इथं जळत काही नाही, फक्त आई ओरडते.

माझ्याकडून चूक झाली ती फायबरच्या छोट्या वायरीत. डब्बी भिंतीवरून सरकवायची म्हणून दुकानात पडलेली निळ्या टोकाची वायर लावली. नेट धावलं, टीव्हीवर चित्राचे चौकोन चौकोन. टीव्हीसाठी हिरवं टोक लागतं. त्याची काच तिरपी घासलेली असते, म्हणून उजेड मागे उलटत नाही. हिरवं-निळं एकमेकांत बसतं, पण जुळत नाही. हे समजेपर्यंत माझे दोन दिवस गेले.

केबलवाला टीव्ही द्यायला तयारच नसेल, तर डीडी फ्री डिशची छत्री लावा. एकदाच साधारण दोन हजारांचा खर्च, महिन्याचं काही नाही. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या भागातून तोंड आग्नेयेला करायचं, म्हणजे वास्तुवाले चूल मांडायला सांगतात त्या दिशेला. उपग्रह जवळपास ६० अंश वर असतो, पण ताटली तेवढी वर बघताना दिसत नाही, कारण तिचा एलएनबी, म्हणजे दांड्यावरचा सिग्नल झेलणारा डबा, खालच्या बाजूला असतो. आषाढातल्या मुसळधार पावसात चित्र जाणार, ते धरूनच चाला.

तिसरा रस्ता ॲपचा. प्रसार भारतीचं 'वेव्हज' नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यावर सह्याद्री थेट दिसतं. स्मार्ट टीव्हीवाल्यांना हे सगळ्यात स्वस्त. आमच्या आईला मात्र जमलं नाही. रिमोटवर आकडा दाबला की चॅनेल लागला पाहिजे, एवढंच तिचं मागणं. म्हणून आम्ही बॉक्सच घेतला.

बंद पडलं तर आधी डब्बीचे दिवे बघा. 'एलओएस' लाल असेल तर फायबर तुटलं आहे, नेट-टीव्ही दोन्ही जाणार. आमच्याकडे हे वांदरं करतात, खांबावरून झोका घेताना. नेट चालू आणि पडद्यावर 'सिग्नल नाही' असेल, तर कनेक्टर फिरवून घट्ट करा. सिग्नल आहे पण चॅनेल बंद दिसतं, तर पॅक संपला आहे. पैसे भरा आणि बॉक्स अर्धा तास चालूच ठेवा. बंद ठेवला तर किल्ली पोचत नाही.