परदेशात चिवडा-चकली विकायचीय? या चुका टाळा

दादर, गिरगाव, पार्ल्यातला फराळ दिवाळीच्या बऱ्याच आधी परदेशी निघतो. सुरुवात कुरिअरच्या पार्सलांनी होते. मग न्यू जर्सीतला एखादा दुकानदार थेट कार्टनांची ऑर्डर देतो आणि माल न्हावा-शेव्याला लागतो. खरी परीक्षा तिथून पुढे. चव, तेल, कुरकुरीतपणा सगळं झकास असूनही माल अडकतो, कारण पाकिटावर छापलंय एक आणि आत निघतं दुसरं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे इथलंच पाकीट घ्यायचं आणि मागे स्टिकर मारायचा. आपल्याकडे पोषणमूल्यं १०० ग्रॅमला देतात. अमेरिकेत ती एका सर्व्हिंगला, ठरलेल्या चौकटीत, वरून घातलेली साखर वेगळी दाखवून द्यावी लागतात. वजन ग्रॅमसोबत औंसातही हवं. कॅनडाला इंग्रजीबरोबर फ्रेंच लागतं, आखाती देशांना अरबी. तारखेचा घोळ तर हमखास: आपली ०५/०९ म्हणजे पाच सप्टेंबर, अमेरिकनांची नऊ मे. महिना अक्षरात छापा, प्रश्नच मिटतो.

पण स्टिकरची खरी गोची ॲलर्जनमध्ये, म्हणजे ज्यांची ॲलर्जी होऊ शकते अशा घटकांमध्ये आहे आणि इथे थोडं थांबायलाच हवं. १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा अमेरिकेच्या यादीतला नववा ॲलर्जन झाला. चकलीत तीळ, भाकरवडीत तीळ, म्हणजे जुना छापलेला पाकिटांचा रोल तिथे चालत नाही. काजूला नुसतं 'नट्स' म्हणून भागत नाही, काजूच लिहावं लागतं. चिवड्याच्या फोडणीतली मोहरी अमेरिकेच्या यादीत नाही. कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या यादीत मात्र आहे. म्हणून न्यू जर्सीचं पाकीट टोरांटोला किंवा लंडनला वळवू नका. अमेरिकेत 'मसाले' असा एकच शब्द लिहायची मुभा आहे, पण त्या शब्दामागे ॲलर्जन लपवता येत नाही, आणि हळदीचं नाव वेगळं दिलं नसेल तर ती रंगही देते हे सांगावं लागतं.

आणि हिंग! डबीतला बांधानी हिंग निखळ नसतो, त्यात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या भाजणीची चकली, त्यात चिमूटभर हिंग, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात 'ग्लूटेन फ्री'. ग्लूटेन म्हणजे गहू-जवासारख्या धान्यातलं प्रथिन, आणि अमेरिकेत या दाव्याला ते दर दहा लाख भागांत २० भागांपेक्षा कमी लागतं. पिठाशिवायचा हिंग घ्या आणि तरीही चाचणी करा, कारण त्याच कढईत सकाळी भाकरवडी तळली असेल तर दावा गेलाच. प्रत्येक पुरवठादाराकडून घटकांची लेखी यादी मागा. लालबागहून दळून आणलेल्या मसाल्याचीसुद्धा. तो नाराज होईल, होऊ दे.

शेव-बुंदीतल्या रंगाबद्दल माझं मत सरळ आहे: काढून टाका. टार्ट्राझिन हा पिवळा रंग युरोपात चालतो, पण पाकिटावर मुलांच्या वागण्यावरच्या परिणामाची सूचना द्यावी लागते. अमेरिकेत तोच रंग तिथल्या अन्न-औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने प्रमाणित केलेल्या लॉटमधलाच हवा. नुसता खाण्याचा रंग आहे, एवढं पुरत नाही. इम्पोर्ट अलर्ट म्हणजे एफडीएची माल रोखायची यादी, आणि त्यातला ४५-०२ खास अशा बेकायदा किंवा न सांगितलेल्या रंगांसाठी आहे. हळद आणि ब्याडगी मिरचीवर शेव पुरेशी देखणी होते.

युरोपसाठी दूध वेगळं पाहा. २१ एप्रिल २०२१ पासून वनस्पतिजन्य पदार्थात मिसळलेल्या दुधाच्या घटकालाही मान्यताप्राप्त देशातला, मान्यताप्राप्त कारखाना लागतो, आणि दुधासाठी भारत त्या यादीत नाही. शंकरपाळ्यातलं तूप लक्षात येतं. चिप्सवर भुरभुरलेल्या मसाल्यातली दूध पावडर नजरेतून सुटते. शेंगदाण्याचंही तसंच. थेट खायच्या दाण्यात युरोपला एकूण ॲफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, किलोला ४ मायक्रोग्रॅमपर्यंतच चालतं, अमेरिका २० पर्यंत चालवून घेते. वर्षातून एकदा केलेला लॅब रिपोर्ट इथे कामाचा नाही, प्रत्येक लॉटचा करा.

कागदांत मुंबईकरांचा एक गमतीदार गोंधळ होतो. एफडीए म्हटलं की आपल्याला वांद्र्याचं अन्न व औषध प्रशासन आठवतं. अमेरिकेची एफडीए वेगळी, आणि तिच्याकडे नोंदणी करायची ती माल जिथे बनतो त्या जागेची. ऑफिस फोर्टात, कारखाना वसईत, आणि नोंदणी फक्त ऑफिसची, असं सर्रास होतं. नोंदणीसाठी अमेरिकेतला एजंट लागतो. नूतनीकरण दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. चुकलं की नोंदणी रद्द. कोणी फ्रेममध्ये लावायचं 'एफडीए सर्टिफिकेट' विकत असेल तर पैसे वाचवा, एफडीए असं प्रमाणपत्र देतच नाही. पाकिटावर 'एफडीए अप्रूव्हड' छापणं तर अंगाशी येईल.

तिकडच्या आयातदाराला पुरवठादार पडताळणीची फाइल ठेवावी लागते, तिला एफएसव्हीपी म्हणतात. ती कोणाच्या नावावर आहे हे ऑर्डर घेतानाच विचारा. प्रायर नोटीस, म्हणजे माल येतोय अशी एफडीएला आगाऊ सूचना, बोटीच्या मालाला पोचण्याआधी किमान ८ तास, विमानाच्या मालाला ४ तास. आईने घरी केलेले लाडू मुलाला भेट म्हणून पाठवले तर ही नोटीस लागत नाही. तेच लाडू दुकानातून घेऊन पाठवले तर लागते. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा शिक्का पाहून घ्या, नाहीतर फराळाऐवजी लाकडापायी कंटेनर अडेल.

एवढं करूनही माल अडकला, तर आधी एफडीएच्या माल अडवल्याच्या नोटिशीतलं कारण वाचा, मग फोन फिरवा. उत्तर द्यायची शेवटची तारीख त्यातच असते. चूक लेबलची असेल तर एफडीएचा फॉर्म ७६६ भरून, परवानगी घेऊन तिथेच नवं लेबल लावता येतं. मजुरी आणि गोदामभाडं तुमच्या माथी. रंग किंवा ॲफ्लाटॉक्सिन असेल तर लेबलने काही सुटत नाही. माल नाकारला की ९० दिवसांत परत न्यायचा किंवा नष्ट करायचा. कंपनीचं नाव इम्पोर्ट अलर्टवर गेलं तर पुढचा माल न तपासताच रोखून धरतात, आणि बाहेर पडायला साधारणपणे सलग पाच खेपा निर्दोष दाखवाव्या लागतात. म्हणून पहिली खेप पूर्ण कंटेनरची नको. दुसऱ्यांच्या मालासोबत थोडी कार्टन पाठवा, त्यातही दोन-तीनच प्रकार, आणि ती सुटेपर्यंत पुढच्या पाकिटांचे रोल छापायला देऊ नका.