‘गाडी’ची ‘दादी’ होते तेव्हा: बोबड्या बोलांवर घरी मेहनत घेताना या चुका टाळा

चार वर्षांचं पोर ‘गाडी’ला ‘दादी’ म्हणतं. आजी लगेच टोकते, “दादी नाही रे, गाडी. म्हण बघू, गा-डी.” पोर म्हणतं, “दा-दी.” “नीट म्हण!” पुन्हा “दा-दी”, फक्त आवाज चढलेला. मग ते उठून निघून जातं आणि घरात ठरतं की पोरगं हट्टी आहे.

हट्टाचा इथे संबंध नाही. हेच मूल काकाला ‘ताता’, खाऊला ‘थाऊ’, घराला ‘धर’ म्हणत असणार. वर्णमालेचा तक्ता समोर धरा: क ख ग घ च्या जागी बिनचूक त थ द ध. ख चा कधी द होत नाही, ग चा थ होत नाही. जिभेचा मागचा भाग टाळूला लावून काढायचे आवाज हे मूल जिभेच्या टोकाने काढतंय; ‘गाडी’तला ड पण तसाच पुढे सरकून द झालाय, बाकी सगळं जागच्या जागी. एवढी शिस्त धांदरटपणात नसते. मुलाच्या डोक्यात एक नियम बसलाय, आणि नियम बदलायचा तर आधी तो आपल्याला दिसायला हवा.

म्हणून पहिली चूक ही, की आपण चुकलेले शब्द मोजतो, त्यांच्यातली पद्धत शोधत नाही. आठवडाभर एका वहीत दोन रकाने करा: काय म्हणायचं होतं, काय म्हटलं. ‘दूध’चं ‘दू’, ‘भात’चं ‘भा’ दिसलं तर शेवटचं व्यंजन गळतंय. ‘साबण’चं ‘ताबण’ म्हणजे घासून निघणारा आवाज अडवून काढला जातोय. ‘प्रसाद’चा ‘पसाद’ म्हणजे जोडाक्षरातलं एक व्यंजन गळतंय. पन्नास चुका बहुधा दोन-तीन नियमांत बसतात.

आणि मग सुरुवात ‘र’पासून करू नका. आईबापांच्या कानाला ‘लाम’ आणि ‘लस्ता’ सगळ्यात आधी खटकतं, पण र, श आणि जोडाक्षरं उशिरा येणारी मंडळी आहेत. पाच-सहा वर्षांपर्यंत त्यांना वेळ द्यावा लागतो. शेवटचं व्यंजन गाळणं मात्र तिसऱ्या वर्षाच्या आसपास थांबायला हवं, आणि क चा त होणं चौथ्यापर्यंत. ढोबळ हिशेब असा: परक्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं, तीन वर्षांच्या मुलाचं पाऊण आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळपास सगळं बोलणं कळावं. ‘परक्या’ला हं. आईला तर सगळंच कळतं, म्हणून आईचा अंदाज इथे चालत नाही.

वऱ्हाडात किंवा खानदेशात घरचे सगळेच ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणत असतील आणि मूलही ‘डोया’ म्हणत असेल, तर ती त्या घरची बोली आहे. त्यावर उपचार करायचे नसतात, शाळेतल्या बाईंनी कितीही नाक मुरडलं तरी.

“ऐकू तर छान येतं, चॉकलेटचा कागद वाजला की पळत येतो.” हे वाक्य प्रत्येक घरात असतं. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तर कागद ऐकू येतो, पण स आणि श सारखे बारीक आवाज निसटतात. तेव्हा सरावाआधी ऑडिओलॉजिस्टकडून रीतसर श्रवणचाचणी करून घ्या.

दुसरं घाईचं पाऊल म्हणजे जिभेखालचा तंतू कापून घेणं. मूल त, न, ल स्पष्ट म्हणतंय ना? मग जिभेचं टोक वर जातंय. क तर जिभेच्या मागच्या भागाने होतो, त्याला पुढचा तंतू कसा अडवणार? कधी कधी कापावा लागतो, नाही असं नाही, पण ते तपासणीनंतर ठरतं. शिट्ट्या फुंकणं, मेणबत्ती विझवणं, जीभ बाहेर काढून गोल फिरवणं यांनी उच्चार सुधारतात असं संशोधनात दिसलेलं नाही; बोलायचा सराव बोलूनच होतो. मधातून वेखंड चाटवण्याचा सल्ला शेजारून येईलच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की मूल बोलतं म्हणतात, तो निदान गोड तरी लागतो.

मुलाचे बोबडे बोल गोड वाटतात म्हणून आपणही “दादी हवी का?” विचारतो. गंमत बघा, मूल त्यावर चिडतं: “दादी नाही, दादी!” 1960 साली जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या मुलांच्या भाषेच्या अभ्यासकांनी नेमकं हेच नोंदवलं होतं. एक मूल आपल्या खेळण्यातल्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचं, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलेलं त्याला चालायचं नाही. कानाला फरक कळतोय, तोंडात तो उतरलेला नाही. सरावाची सुरुवात या कानापासूनच करावी.

गार आणि दार, कार आणि तार, खाट आणि थाट अशा जोड्या घ्या. चित्रं किंवा वस्तू समोर ठेवा, तुम्ही बोला, मुलाने बोट दाखवायचं. हे जमलं की पाळी उलटी. मूल ‘तार’ म्हणालं की तारच हातात द्या, मनात कार असली तरी. ओरडा नाही, दुरुस्ती नाही. आपल्या बोलण्याने भलतीच वस्तू आली हे त्याचं त्यालाच कळतं, आणि “नीट म्हण”ने जे महिनाभर झालं नसतं ते इथून सुरू होतं.

तरी गाडी अडते, ती ठरावीक ठिकाणी.

‘क’ मुळीच निघत नसेल तर शब्दाच्या शेवटी करून बघा: नाक, चाक, टाक. बऱ्याच मुलांना तो तिथे सोपा जातो. उताणं झोपवलं की जीभ आपसूक मागे जाते, तेव्हाही प्रयत्न करा. तोंडात चमचा घालून जीभ दाबायचं काम मात्र घरी नको.

सुटा ‘क’ येतो पण ‘कान’चा ‘तान’च होतो? मध्ये थांबा: क्... आन. ती फट रोज थोडी कमी करत जा. आधी शब्द, मग दोन शब्द, मग वाक्य. सुट्या आवाजावरून थेट गप्पांवर उडी मारली की सगळे वैतागतात.

सरावाला बसल्यावर जमतं आणि खेळताना विसरतं, हे तर व्हायचंच. दिवसाचा एकच शब्द ठरवा, समजा ‘केळं’, आणि फक्त तेवढाच धरा. बाकी वेळ ‘ताती आली’ म्हटलं तर “हो, काकी आली! काकीने काय आणलं?” एवढंच म्हणा, पुन्हा म्हणायला लावू नका. रोजची पाच मिनिटं रविवारच्या तासापेक्षा कामाची. आणि पाहुण्यांसमोर “म्हणून दाखव” तर कधीच नाही.

घरी मराठी बोलल्याने मूल मागे पडतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोन भाषांमुळे उच्चारदोष होत नाही. आई तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायला लागली की गप्पाच आटतात, तेच नुकसान.

काही बाबतीत मात्र घरगुती प्रयोगात वेळ घालवू नका. एकच शब्द दर वेळी वेगळाच निघतो, आवाज नाकातून येतो, येणारे शब्द गेले, अडीच वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नाही, किंवा तिसरं उलटलं तरी बाहेरच्यांना काही कळत नाही, तर लगेच दाखवा. स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी मोफत होते. अंगणवाडीताईंना विचारलं तर त्या रस्ता दाखवतील. जाताना ती दोन रकान्यांची वही न्या, आणि मोबाईलवर मूल खेळता खेळता बोलतंय असा दोन मिनिटांचा व्हिडिओ. पाठ केलेली कविता नको, तिच्यात नेमक्या चुका लपतात.