स्पिटफायर बघायला जाताना

जुनी ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे दोन सीटांची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बघायला विकणाऱ्याच्या दारात पोचलात, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, की पहिला प्रश्न हा विचारा: "पुढच्या ट्रनियनमध्ये तुम्ही काय घालता?" उत्तर "गिअर ऑइल, ईपी ९०" असं आलं तर माणूस गाडी सांभाळणारा आहे, चहा घ्यायला हरकत नाही. "ग्रीस" म्हणाला तर सावध व्हा. आणि "ते काय असतं?" असं म्हणाला, तर गाडी बघा जरूर, पण किंमत मनातल्या मनात तिथेच कमी करायला लागा.

हा प्रश्न मला शेजारच्या आजोबांनी शिकवला. मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहते. ट्रायम्फ स्पिटफायर याच शहरात, कॅन्लीच्या कारखान्यात, १९६२ पासून १९८० पर्यंत बनत होती, आणि आजोबांची उमेदीची वर्षं तिथेच फिटर म्हणून गेली. मी जुनी स्पिटफायर घ्यायचं म्हणतेय हे ऐकल्यावर ते आधी हसले, मग म्हणाले, "एकटी जाऊ नकोस." चार गाड्या बघितल्या, चौथी घेतली. त्यातून जे कळलं ते लिहितेय.

ट्रनियनचं प्रकरण असं. पुढच्या चाकाला धरणारा उभा पोलादी दांडा खालच्या टोकाला एका पिवळ्या धातूच्या ठोकळ्यात आट्यांवर बसतो. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांमध्ये फिरतो. तिथे पातळ ऑइल लागतं, कारण ते प्रत्येक आट्यापर्यंत उतरतं. ग्रीस वरच अडकून घट्ट होतं, आत पाणी शिरतं, पोलाद गंजतं, आणि एक दिवस पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवताना दांडा मोडतो. चाक आडवं लोळतं आणि गाडी गुडघा टेकते. पार्किंगमध्ये झालं तर नशीब. काम खरं तर अर्ध्या तासाचं आहे: ठोकळ्यावरचा छोटा प्लग काढायचा, त्या जागी निपल बसवायचं, ग्रीसगनमध्ये ग्रीसऐवजी ऑइल भरायचं आणि वरच्या सीलमधून ऑइल डोकावेपर्यंत दाबत राहायचं. मी वर्षातून एकदा करते, ऑक्टोबरमध्ये.

आता पत्रा. खरा पैसा इथेच जातो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचे सुटे भाग आजही मिळतात आणि गॅरेजमध्ये बसून बदलता येतात. गंजलेल्या बॉडीचं तसं नाही. स्पिटफायरला बॉडीपासून वेगळी चासी (खालचा सांगाडा) आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ती फसगत आहे. ही चासी ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीच्या चासीची आखूड केलेली आवृत्ती, आणि हेराल्डच्या चासीला बाजूला जे हात फुटलेले होते ते इथे नाहीत. मधोमध फक्त कणा आहे. बाजूची ताकद सिलमधून, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांमधून, येते. सिल कुजले की गाडी मधून वाकायला लागते.

हे बघायला पत्र्याला हातसुद्धा लावावा लागत नाही. दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघा. वर आवळलेली आणि खाली मोकळी असेल तर गाडी मधे बसलीय. मग कुणाला तरी सीटवर बसवा आणि दार उघडून-लावून बघा. रिकाम्या गाडीत नीट लागणारं दार माणूस बसल्यावर घासत असेल तर पुढचं बघायची गरज नाही. नवे सिल लावलेत असं सांगितलं तर काम चालू असतानाचे फोटो मागा. जुने सिल कापण्याआधी दाराच्या जागेत आधाराच्या पट्ट्या जोडाव्या लागतात. त्या न जोडता कापले, तर गाडी वाकलेल्या अवस्थेतच कायमची वेल्ड होते. फोटोत पट्ट्या दिसल्या पाहिजेत.

फ्रिजवरचं एक चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्या. सिल, मागच्या चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा. जिथे चुंबक पकडत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. मी बघितलेली पहिली गाडी लेस्टरजवळची, टोमॅटोसारखी लाल, इतकी चकचकीत की मी वाटेतच तिला नाव ठेवून टाकलं होतं. डाव्या सिलवर चुंबक कुठेच चिकटेना. आजोबांनी फक्त माझ्याकडे बघितलं. (बॉनेटवर चिकटलं नाही तर मात्र लगेच निराश होऊ नका. कित्येक गाड्यांना फायबरग्लासचं बॉनेट बसवलेलं असतं. विचारून घ्या.)

मग गालिचे उचला. संकोच करू नका, विकणाऱ्यालाही ते अपेक्षित असतं. पायाशी ओल आहे का बघा, बोटाने दाबून बघा. टॉर्च घेऊन गाडीखाली जा आणि सीटच्या मागे जिथे मागच्या सस्पेंशनचे दोन दांडे बॉडीला जोडलेत ती जागा तपासा. इथला पत्रा गेला असेल तर मागची चाकं कुठे जायचं ते स्वतः ठरवतात. बॅटरीखालचा ट्रे आणि डिकीचा तळ एका नजरेत दिसतात.

बॉनेट उघडणं हा या गाडीतला सगळ्यात आनंदाचा भाग. दोन बाजूंच्या कड्या सोडल्या की विंडस्क्रीनपुढचा सगळा भाग, मडगार्डांसकट, पुढे कलतो. इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं. पुढच्या टायरवर बसून काम करता येतं, आणि मी तेच करते. त्या मोहात पडण्याआधी मात्र एक काम उरका: सोबतच्या माणसाला क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या पुलीकडे बघत राहा. क्लच दाबताना पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकत असेल तर आत क्रँकला अडवून धरणाऱ्या अर्धचंद्राकृती चकत्या झिजल्यात. त्या निसटून खाली पडल्या की क्रँक थेट ब्लॉक खायला लागतो, आणि मग इंजिन भंगारात. माझी दुसरी गाडी इथेच बाद झाली. मालकाला खरोखरच माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बघवेना.

इंजिन थंड असताना सुरू झालं पाहिजे. फोनवरच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका, आणि पोचल्यावर आधी रेडिएटरला हात लावून बघा. गरम लागलं तर का, ते विचारा. चालू केल्यावर खालून ठकठक आली आणि ऑइलचा दिवा विझायला रेंगाळला तर बेअरिंगं थकलीत. मूळ डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचं मीटर नसतं, नुसता दिवा, म्हणून कान महत्त्वाचे.

कोणतं मॉडेल घ्यावं यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत थोडक्यात. सुरुवातीच्या गाड्या ११४७ सीसीच्या, देखण्या, पण वळणात मधेच अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागची चाकं पोटाखाली दुमडतात. मागे स्प्रिंग म्हणून एकच आडवा पाटा असतो आणि तो दोन्ही चाकांना बांधलेला, त्याचा हा परिणाम. १९७० अखेरीस आलेल्या मार्क ४ मध्ये पाट्याची बहुतेक पानं मधल्या खिळीवर झुलती ठेवली आणि ती खोड बरीचशी गेली. शिवाय पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (न खरखरता गिअर पडायची सोय) मिळाला. १९७४ नंतरची १५०० जोरदार, ताशी १०० मैलांची, पण तिचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ८७.५ मिलिमीटरची लांबलचक. मोटरवेवर तासभर पिळली की बेअरिंगांना ते आवडत नाही. मी १२९६ सीसीची मार्क ४ घेतली, १९७२ ची, पिवळी.

ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारी जादा गिअरची सोय) असेल तर जास्त पैसे द्या, पण चालतो का ते बघून. चौथ्या गिअरमध्ये चाळिशीच्या वेगाला बटण दाबा. इंजिनचे फेरे लगेच खाली आले पाहिजेत. दोन-तीन सेकंद विचार करून आले तर आधी गिअरबॉक्समधल्या ऑइलची पातळी बघायला सांगा. गाडी सुटताना मागून 'ठक्' असा एक आवाज आला तर बहुधा शाफ्टचे सांधे. ते स्वस्त आहेत, घासाघीस करायला बरे.

चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला २०१८ पासून एमओटी (इथली दरवर्षीची सरकारमान्य तपासणी) सक्तीची नाही आणि रस्ताकरही शून्य. कर शून्य असला तरी नोंद दरवर्षी करावी लागते. सक्ती नाही म्हणून कित्येक मालक तपासणी करतच नाहीत, तेव्हा सरकारी साइटवर नंबर टाकून जुन्या एमओटीचा इतिहास फुकट वाचून घ्या. 'सिल गंजलेले' असा शेरा तीन वर्षं ओळीने आणि चौथ्या वर्षापासून काहीच नाही, याचा अर्थ दुरुस्त झाले असा धरू नका. व्ही५सी, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा चासी नंबर आणि गाडीवरच्या पाटीवरचा चासी नंबर जुळवून बघा.

टायरची नक्षी नव्यासारखी दिसली तरी कडेचे चार आकडे वाचा: आठवडा आणि वर्ष. माझ्या गाडीचे टायर सतरा वर्षांचे निघाले, त्यावर दोनशे पौंड सुटले. घरी न्यायच्या आधी पेट्रोलचे रबरी पाइपही दाबून बघा. २०२१ च्या सप्टेंबरपासून पंपावरचं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) झालंय आणि जुनं रबर ते सोसत नाही. मी कमी इथेनॉलचं सुपर ई५ भरते. आणि इंजिनचं हेड शिशाविरहित पेट्रोलसाठी बदललंय का तेही विचारा. नसेल तर टाकीत दर वेळी अ‍ॅडिटिव्ह घालावं लागेल.

पिवळी घेऊन आले त्या संध्याकाळी आजोबा फाटकाशी उभे होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून पुढच्या चाकामागे बघितलं आणि विचारलं, "मालक काय म्हणाला?"

"ईपी ९०."

"बरं," म्हणाले, आणि त्यांच्या शेडमधून ग्रीसगन आणायला गेले.