माशांच्या छोट्या टाकीसाठी पहिली रोपं कशी निवडावीत

दुकानात लाल पानांचं रोप सगळ्यात आधी डोळ्यात भरतं, आणि नव्या टाकीत बहुतेक वेळा तेच सगळ्यात आधी कुजतं. लाल रोटाला, आल्टरनांथेरा, तळाशी हिरवळीसारखं पसरणारं क्युबा गवत या सगळ्यांना प्रखर उजेड, नियमित खत आणि बहुधा वेगळा कार्बन डायऑक्साइडही लागतो. साध्या झाकणातल्या एलईडीखाली त्यांचं काही खरं नाही. म्हणून रोप निवडताना रंग नंतर बघायचा. आधी तीन गोष्टी विचारायच्या: ते वाढतं किती वेगानं, अन्न मुळांतून घेतं की पानांतून, आणि पूर्ण वाढल्यावर केवढं होतं.

इथं 45 × 30 × 30 सेंटिमीटरची टाकी धरली आहे. आकारानुसार ती 40 लिटरची, पण खडी-दगड वजा जाता पाणी साधारण 33-35 लिटरच बसतं. उंची 30 सेंटिमीटर, हे लक्षात ठेवा, कारण बरीच लोकप्रिय रोपं इथंच बाद होतात. अॅमेझॉन सोर्ड कुंडीत बोटभर दिसतं; सहा-आठ महिन्यांत 40 सेंटिमीटरचा घेर करून अर्धी टाकी गिळतं. व्हॅलिस्नेरियाची रिबिनीसारखी पानं पृष्ठभागावर आडवी पसरतात आणि खालच्या रोपांचा उजेड अडवतात. दोन्ही रोपं चिवट आणि चांगली आहेत, पण मोठ्या टाकीसाठी.

सुरुवात भराभर वाढणाऱ्यांपासून करा. नव्या टाकीत घाण पचवणारे जिवाणू बसेपर्यंत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया साचतो. तो रोपांनी खाल्ला नाही, तर शेवाळ खातं. यातलं पहिलं रोप हॉर्नवर्ट. त्याला मुळंच नसतात. ते पाण्यातूनच सगळं ओढून घेतं, म्हणून मूठभर जुडी नुसती तरंगत सोडली तरी काम होतं. जागा बदलल्यावर पहिले आठ दिवस ते सुयांसारखी पानं गाळतं आणि फिल्टरचा स्पंज तुंबतो. तेवढा आठवडा स्पंज एक दिवसाआड टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं त्यातले जिवाणू मरतात.

दुसरं भराभर वाढणारं रोप हायग्रोफिला. याच्या 8-10 काड्या घ्या. त्या जुडी करून, शिशाची पट्टी गुंडाळून मिळतात, आणि बहुतेक जण तशीच जुडी खडीत खुपसतात. मग मधल्या काड्यांना उजेड मिळत नाही, बुंधे काळे पडतात आणि पंधरवड्यात सगळी जुडी वर तरंगते. पट्टी काढा, प्रत्येक काडी 15 सेंटिमीटरवर कापा, खालच्या दोन पेरांवरची पानं खुडा आणि ती पेरं खडीत जातील अशी एकेक काडी तीन सेंटिमीटर अंतरानं लावा. मुळं पेरांतूनच फुटतात. काडी पाण्याच्या वर पोचली की शेंडा कापून शेजारी लावायचा.

सावकाश वाढणाऱ्यांत अनुबियास नाना आणि जावा फर्न ही जोडी मंद उजेडातही टिकते. दोघांचंही एक जाड, हिरवं, आडवं खोड असतं. त्याच्या वरून पानं आणि खालून मुळं निघतात. हे खोड खडीत पुरलं की ते कुजतं. नवख्यांच्या हातून अनुबियास जातं ते बहुधा याच कारणानं. दगडावर किंवा लाकडावर खोड ठेवून सुती दोऱ्यानं बांधा. दोरा सुटेपर्यंत मुळांनी पकड घेतलेली असते. घेताना खोड बोटांनी दाबून पाहा: टणक हवं. मऊ, तपकिरी आणि कुबट वासाचं असेल तर पानं कितीही टवटवीत दिसोत, घेऊ नका. अनुबियासला नवं पान यायला तीन-चार आठवडे लागतात. जुनी पानं वर्षभर तशीच राहतात, त्यामुळे दिव्याच्या थेट खाली ठेवलं तर त्यांच्यावर शेवाळ बसतं. दगडाच्या आडोशाला ठेवा.

जावा फर्नच्या पानांखाली काळे उंचवटे दिसले की लोक रोग समजून पानं तोडतात. ते बीजाणूंचे पुंजके आहेत. जुन्या पानांवर इवली रोपंही फुटतात. तीन-चार सेंटिमीटरची झाली की हलकेच सोडवून दुसरीकडे बांधता येतात.

मधल्या भागासाठी क्रिप्टोकोरीन वेंडटी. दोन कुंड्यांतून चार-सहा रोपं निघतात. मुळांभोवतीची पांढरी लोकर चिमट्यानं सोडवून पूर्ण काढा. हे रोप अन्न मुळांतून घेतं, म्हणून पाण्यात घातलेल्या खताचा त्याला फारसा उपयोग नाही. मुळांजवळ तीन-चार सेंटिमीटर खोल खताची गोळी दाबा. खडी दोन ते तीन मिलिमीटर जाडीची आणि थर किमान पाच सेंटिमीटरचा हवा. लावल्यावर आठवडाभरात याची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली तर उपटू नका. वेगळ्या पाण्यात गेलं की क्रिप्टोकोरीन असंच करतं. विरघळलेली पानं तेवढी काढा आणि मुळं हलवू नका. तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात.

जुनी पानं जाण्याचं आणखी एक कारण असतं. रोपवाटिकेत बऱ्याच पाणवनस्पती मुळं ओली आणि पानं हवेत अशी वाढवतात. टाकीत बुडवल्यावर ती पानं झडतात आणि पाण्याखालची वेगळी, पातळ पानं येतात. त्यामुळे जुन्या पानांपेक्षा नवा कोंब कसा आहे ते बघा. मात्र लकी बांबू, सिंगोनियम, स्पायडर प्लांट ही मुळात जमिनीवरची झाडं टाकीसाठी म्हणून सर्रास विकली जातात. बुडवल्यावर ती काही आठवडे तग धरतात, मग सडून पाणी खराब करतात. नुसतं दिसण्यावरून ओळखणं अवघड आहे, म्हणून नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर रोप सोडून द्या.

आणलेली रोपं आठवडाभर उजेडात, बादलीतल्या पाण्यात वेगळी ठेवा. पानांच्या मागे जेलीसारखे थेंब दिसले तर ती गोगलगायींची अंडी, ती पुसून टाका. मुळांना चिकटलेलं दोन-चार मिलिमीटरचं हिरवं टिकलीसारखं पान म्हणजे डकवीड. एक जरी टाकीत गेलं तरी पुढं कायम वेचत बसावं लागतं.

सगळी रोपं मासे सोडण्याआधी एकाच दिवशी लावा. दिवा टायमरवर सुरुवातीला सहा तास, महिन्यानं फार तर आठ. खिडकीतलं थेट ऊन टाळा, पाणी हिरवंगार होतं. गोल्डफिश पाळणार असाल तर अनुबियास आणि जावा फर्नवरच थांबा. बाकीची रोपं ते खातात किंवा उपटतात.

दोन महिन्यांनी पानं बोलू लागतात. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नायट्रोजन कमी. जुन्या पानांवर टाचणीएवढी भोकं आणि कडा पिवळ्या, तर बहुधा पोटॅशियम. नवी पानं फिकी पण शिरा हिरव्या, तर लोह. अशा वेळी द्रवखत बाटलीवरच्या मात्रेच्या निम्मं घालून दोन आठवडे थांबा आणि फक्त नवी पानं बघा. खराब झालेलं पान पुन्हा नीट होत नाही. छाटलेल्या काड्या ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका, तिथं त्या बेसुमार माजतात. वाळवून कुंडीच्या मातीत मिसळा.