डबल बेससाठी अँप घेताना वॅटच्या आधी इनपुट बघा
अँप (अँप्लिफायर) बघायला जाताना आपला डबल बेस, म्हणजे उभं धरून वाजवायचं ते मोठं तंतुवाद्य, आणि त्यावरचा आपलाच पिकअप (कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा भाग) सोबत न्या. ओझं होतं खरं, पण इलेक्ट्रिक बेसवर छान वाटणारा अँप ब्रिजवरच्या (तारा टेकतात त्या घोडीवरच्या) पिएझोला, म्हणजे दाबातून कंपनं टिपणाऱ्या पिकअपला, जोडला की पातळ, चिरका वाजू शकतो. कारण इनपुट इम्पीडन्स, म्हणजे अँपचं इनपुट सिग्नलला करतं तो विरोध. पिएझोला निदान १ मेगाओहम हवा, १० असेल तर फारच छान. कमी पडला की खर्जच गळून जातो. बाकी अँप मनासारखा असेल, तर मध्ये छोटा प्रीअँप (अँपच्या आधी सिग्नल सावरणारी डबी) लावून भागतं.

हाय-पास फिल्टर (ठरावीक पातळीखालचा खर्ज कापणारा) आणि फेजचं बटण (सिग्नलची लहर उलटी करणारं) आहे का बघा. खालची ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. त्याखालची घरघर स्पीकरला फुकट दमवते. आवाज घुमायला लागला, तर आधी फेज उलटी करून बघा.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. वजन मात्र उचलूनच ठरवायचं: एका हातात बेस, दुसऱ्यात अँप आणि समोर जिना. क्लास-डी या प्रकारचे अँप हलके असतात, ते इथे सुखाचे. जुना घेत असाल तर खालची तार जोरात छेडा आणि स्पीकरची जाळी खडखडते का ते कान देऊन ऐका.