भिजलेला इअरबड असा वाचला

नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरताना जोराची सर आली आणि उजवा इअरबड घुसमटल्यासारखा वाजू लागला. तो चार्जिंगच्या डबीत ठेवला नाही. ओल्या पिनांवर चार्जिंग सुरू झालं की त्या गंजतात. सुती कापडाने पुसला, रबरी टोपी काढली, जाळी खाली धरून हलकेच झटकला. मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात रात्रभर. तांदूळ नको, त्याची पूड जाळीत बसते. हेअर ड्रायर तर नकोच.

आवाज मोकळा झाला, पण चार्ज होईना. पिनांवर घामाचा जुना, हिरवट थर! आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने तो निघाला. नागपुरात पाऊस थांबला की उकाडा असा, की सरीपेक्षा घामच जास्त छळतो.

आणि इअरबडचं आयपीएक्स४ हे पाणीरोधक रेटिंग म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून संरक्षण, तेही बहुधा बड्सना, डबीला नाही.