चुनखडीचा आकडा का फुगतो? माती-पाणी तपासताना या चुका टाळा

अथणी, रायबाग, चिकोडीकडे उसाला केवडा पडला (लोह कमी पडून पानं पिवळी-पांढरी झाली) की शेतकरी मातीचा नमुना घेऊन येतो आणि आधी विचारतो, ‘चुनखडी (कॅल्शियम कार्बोनेट) किती?’ हिराकस (फेरस सल्फेट) टाकायचा की नाही, द्राक्षाची बाग धरायची की नाही, हे तो त्या आकड्यावर ठरवतो. म्हणून इथं अंदाजपंचे चालत नाही.

कॅल्सिमीटरमध्ये मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल पडतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि वायू किती मिली निघाला यावरून चुनखडी काढतात. सगळ्यात मोठी चूक होते ती हिशेबात. ०.१ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून २२.४ मिली वायू निघतो, हे खरं. पण ० अंश सेल्सिअस आणि ७६० मिमी दाबाला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, हवेचा दाब ७०० मिमीच्या आसपास. खोलीत ३० अंश असतील तर तोच वायू २७ मिली किंवा थोडा जास्तच भरतो. दुरुस्ती केली नाही तर १० टक्के चुनखडी १२ टक्के दिसते! सोपा उपाय म्हणजे रोज काम सुरू करताना वाळवलेलं ०.१ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट त्याच यंत्रावर लावायचं आणि नमुन्यांचे आकडे त्याच्याशी ताडायचे.

फ्लास्क तळहातात धरून हलवू नका. २५० मिली हवा १ अंशाने तापली तरी जवळपास ०.८ मिली वाढते. मान चिमट्यात धरा. मोजनळीत साधं पाणी असेल तर उलटं होतं, वायू त्यात विरघळतो आणि आकडा घटतो. मिठाचं संपृक्त पाणी घ्या, त्यात आम्लाचे चार थेंब टाका. बुडबुडे थांबले म्हणून लगेच वाचन घेऊ नका, डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा खनिज) सावकाश विरघळतो. पातळी एकसारखी सरकतच राहिली तर मात्र रबरी बूच बघा, बहुतेक तिथूनच गळती असते.

अल्कलीच्या टायट्रेशनमध्येही (थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजण्यात) हवाच घात करते. कॉस्टिक सोड्याची बाटली उघडी राहिली की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याची नॉर्मॅलिटी (द्रावणाची तीव्रता) बदलते. त्याला काचेचं बूच लावू नका, चिकटून बसतं. प्लास्टिकची बाटली बरी. आम्लात सोडा सोडताना फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाची गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा. नंतर ती उडाली तरी आणखी थेंब टाकू नका.

बोअरच्या पाण्याची बाटली काठोकाठ भरून आणायला सांगा. अर्धी बाटली हिंदकळत आली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि एरवी न दिसणारा कार्बोनेट दिसू लागतो.